गेटसमोरचा निंब आणि ‘दोन मिन्टं’

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी ३१ वर्षं एसटीत ड्रायव्हर होतो. धुळे-शहादा, धुळे-चोपडा, शेवटी शेवटी नाशिक. लळिंगच्या घाटात गाडी बंद पडली तरी आधी चाकाला दगड लावायचा आणि मागच्यांना वाट करून द्यायची, हे अंगवळणी पडलेलं. आता निवृत्त होऊन देवपूरला घरी बसलो, तर स्वतःच्याच गेटमधून बाहेर पडायची पंचाईत.

गेटसमोर निंबाचं झाड आहे. मीच लावलेलं. धुळ्याच्या वैशाखात उन्हात उभ्या गाडीच्या स्टिअरिंगला हात लावता येत नाही, म्हणून सावली दिसली की गाडी शिरलीच. त्यात कोपऱ्यावर मंगल कार्यालय, पुढे दवाखाना, दवाखान्याच्या डोक्यावर क्लास. नकाशात तिघांनीही पार्किंग दाखवलं असणार, नाहीतर मंजुरी मिळाली कशी? दवाखान्याच्या पार्किंगच्या जागेत आज औषधांचं दुकान आहे.

यंदा आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी मुलगी शहाद्याहून आली. दुपारचा दीड. गेटला आडवी एक पांढरी गाडी, मागची चाकं फुटपाथवर. मालक लग्नात. कार्यालयाच्या माइकवर नंबर पुकारायला लावला, तर ‘जेवताहेत, दोन मिन्टं’ असा निरोप. एक वऱ्हाडी तर मलाच समजावायला लागला, “गेट तुमनं शे बाबा, रस्ता तं सरकारना शे ना!” आमच्या घरच्यांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, त्या वॉकर धरून दारात उभ्या. मुलगी पोटुशीसारखी पिशव्या पोटाशी धरून फटीतून आत आली, आंब्याची पेटी कंपाउंडवरून घ्यावी लागली.

नातवाचं डोकं तापलं. मी आत पाणी प्यायला गेलो तेवढ्यात त्याने दोन चाकांची हवा काढली. व्हॉल्व्हची पिन कशी दाबायची हे कधीकाळी मीच कौतुकाने दाखवलेलं. झालं काय, तर साडेचारला निघणारी गाडी रात्री साडेआठपर्यंत आमच्याच गेटात! मालकाची बायको लहान बाळ घेऊन आमच्या ओसरीत बसली, पन्हंही आमचंच प्यायली. ती बिचारी ओशाळून गेली होती. मालक मात्र विचारत होता, “बाबा, नो पार्किंगचा बोर्ड कुठे आहे तुमचा?”

पत्र लिहायला बसलो ते या प्रश्नामुळे. चांगली शिकलेली माणसंही समजतात की बोर्ड नसेल तिथे गाडी लावायला मोकळीक. तसं नाही. २०१७ च्या मोटार वाहन चालवण्याच्या केंद्रीय नियमांत फुटपाथवर, कुणाच्या जागेच्या येण्या-जाण्याच्या वाटेसमोर, उभ्या गाडीला समांतर दुसरी गाडी लावायला सरळ मनाई आहे. तिथे बोर्ड असो वा नसो. गेट दिसतंय ना, मग झालं. दंड पहिल्यांदा ५०० रुपये, पुन्हा तेच केलं तर १५००. शिवाय सार्वजनिक रस्त्यात अडथळा केला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २८५ खाली ५००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. जुन्या भारतीय दंड संहितेत तो २०० रुपये होता, तेवढ्यात तर आता लग्नाचा आहेरही होत नाही.

नातवालाही मी हेच वाचून दाखवलं, कारण चूक त्याचीही होती. अडथळा करणारी गाडी उचलायची किंवा तिला जॅमर लावायचा, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १२७ प्रमाणे त्याचा हुकूम गणवेशातल्या पोलीस अधिकाऱ्यानेच द्यायचा. हवा काढायचा अधिकार कुणालाच नाही, निवृत्त ड्रायव्हरच्या नातवाला तर नाहीच. पण त्या दिवशी मी फोन केला तेव्हा उत्तर मिळालं की टोइंगची गाडी बाजारात आहे, कॉलनीत येत नाही. मग आमच्यासारख्यांनी करायचं काय? लग्नाच्या दाट तिथी पंचांगात आधीच छापलेल्या असतात. निदान त्या दिवशी तरी ती गाडी कार्यालयांच्या आसपास एक चक्कर मारू शकते.

फुटपाथचं सांगताना मात्र माझीही मान खाली जाते. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये सांगितलं की चालण्यासारखा फुटपाथ मिळणं हा राज्यघटनेच्या कलम २१ खालचा, म्हणजे जगण्याचा हक्क आहे. हे वाचून मी टेप घेऊन बाहेर गेलो. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसप्रमाणे फुटपाथ किमान १.८ मीटर मोकळा हवा, म्हणजे जवळजवळ सहा फूट. आमच्यासमोरचा मुळात पाच फूट. त्यातले दोन फूट माझ्या मोटारसायकलच्या रॅम्पने खाल्लेले, आणि शेजाऱ्यांच्या कुंड्यांनी आणखी एक. घरच्यांचा वॉकर उरलेल्या जागेत मावत नाही. म्हणजे पांढरी गाडी नसतानाही त्यांना रस्त्यावरूनच चालावं लागतं, हे इतकी वर्षं माझ्या लक्षात आलं नव्हतं.

जुन्या धुळ्यातल्या सरळ गल्ल्या ब्रिग्जसाहेब या इंग्रज अधिकाऱ्याने दोनशे वर्षांपूर्वी आखल्या. तिथल्यांना निदान म्हणता येतं की तेव्हा मोटारी नव्हत्या. देवपूरच्या कॉलन्या आमच्या डोळ्यांदेखत उभ्या राहिल्या. महापालिकेने एकदा मंजूर नकाशे हातात घेऊन या रस्त्यावरून चालत जावं आणि कुणाचं पार्किंग कुठे गेलं ते बघावं, एवढीच मागणी.

माझा रॅम्प फोडायला गवंडी सांगितला आहे, रविवारी येतो म्हणाला. निंब तोडा म्हणजे गाड्या लागणार नाहीत, असाही सल्ला एका भल्या गृहस्थांनी दिला. तो मी ऐकणार नाही.

आपला,
एक निवृत्त एसटी चालक
देवपूर, धुळे