मडम की मुदत?

नाशिक, रविवार

प्रिय सुन्या,

फोन उचलत नाही म्हणून चिडलायस ना, पण अरे हल्ली रात्री दोनपर्यंत मी १८७९ सालातच असतो. थिऑसॉफीचा, म्हणजे त्या काळच्या गूढविद्या-अध्यात्माच्या चळवळीचा, इतिहास खणणारे सात-आठ जण आहोत, एक बाई थेट हॉलंडच्या, कोणी कोणाला पाहिलेलं नाही, जुन्या मासिकांचे स्कॅन वाटून घ्यायचे आणि कॉमन शीटमध्ये तारीख, गाव, पुरावा भरत जायचं, बस.

तर ही चळवळ उभी करणारे दोघे, रशियन ब्लाव्हाट्स्कीबाई आणि अमेरिकन कर्नल ऑल्कॉट, फेब्रुवारी १८७९ मध्ये मुंबईत उतरले, गिरगावात राहिले, ऑक्टोबरात ‘द थिऑसॉफिस्ट’ मासिक काढलं, १८८२ च्या शेवटी बिऱ्हाड मद्रासजवळ अड्यारला हलवलं. हे पक्कं. त्याच मुंबईत दामोदर मावळणकर त्यांना मिळाला, आपला मराठी पोरगा, १८८५ मध्ये तिबेटच्या वाटेला लागला तो परत आलाच नाही. त्याच्यावर वेगळं पत्र लिहीन.

पण बाईंनी रशियन वाचकांसाठी टोपणनावाने प्रवासवर्णन लिहिलं होतं, त्यात चक्क आपलं नाशिक! आधी सापडेचना, मग कळलं जुन्या इंग्रजीत स्पेलिंग डबल एसचं आणि शेवटी नुसता के. मी खुशीत शीटमध्ये ठोकून दिलं, ‘नाशिक भेट, खात्रीशीर’. तासाभरात हॉलंडवाल्या बाईंनी रकाना लाल केला. त्यांचं म्हणणं, ऑल्कॉट स्वतःच्या आठवणींत सांगतो की कार्ल्याची सहल खरी, पण त्या पुस्तकात बाईंनी कल्पनेचा मसाला भरपूर घातलाय, मग नाशिकला दुसरा पुरावा कुठाय? गप्प बसलो. राग आला, पण बरोबर होतं त्यांचं. गूढ महात्म्यांकडून येतात असं बाई सांगायच्या, त्या पत्रांवरून लोक १८८५ च्या हॉजसन रिपोर्टपासून, म्हणजे बाईंना लबाड ठरवणाऱ्या चौकशी अहवालापासून, भांडतायत, तिथे माझ्या उत्साहाला कोण विचारतो!

आता खरं काम. पंचवटीतल्या जुन्या वाड्यातून खापरपणजोबांची खर्चाची वही मिळालीये, मोडीत, त्याच सुमाराची. एका ओळीत मला ‘मडम’ दिसतंय, म्हणजे मॅडम, आपल्या ब्लाव्हाट्स्कीबाईच असतील, पुढे टांग्याचे पैसे. बायको म्हणते ‘मुदत’ असेल, तुला हवं तेच दिसतं. तू मोडीचा कोर्स केलायस ना, फोटो व्हॉट्सअॅप करतोय, झूम करून बघ. आणि ‘मुदत’ निघालं तर आधी मला सांग, तिला नको.

तुझा,
बाळ्या