निविदेत मे महिनाही लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

थंड देशांत सरकारी ताफ्यात इलेक्ट्रिक गाड्या आणताना काय अडचणी येतात, यावरचा लेख आपल्या अंकात वाचला. आम्ही निवृत्त ड्रायव्हर मंडळी संध्याकाळी परतवाड्याच्या स्टँडजवळ बसतो, तिथे तो विषय निघाला. एका मित्राने लगेच निकाल लावून टाकला, "आपल्याले काय करा लागते बर्फाचं? आपल्या इथं तं डांबर वितळते." सगळे हसले. मला मात्र तो लेख आपल्याच कामाचा वाटला, म्हणून हे पत्र.

थंडीत बॅटरीच्या आतले रसायन मंदावते. शून्याच्या खाली चार्जिंग केले तर लिथियम आत मुरण्याऐवजी वरच साचते आणि बॅटरी कायमची खराब होते. म्हणून गाडी स्वतःच चार्जिंग रोखून धरते. शिवाय डिझेल गाडीत इंजिनाची उष्णता फुकट मिळते, इलेक्ट्रिकमध्ये हीटरसुद्धा बॅटरीवरच चालतो. अमेरिकेच्या ऑटोमोबाईल असोसिएशनने २०१९ मध्ये पाच गाड्या तपासल्या. उणे ७ अंशांच्या आसपास हीटर लावून चालवल्यावर एका चार्जमधले अंतर सरासरी ४१ टक्क्यांनी घटले. हीटर बंद ठेवल्यावर घट फक्त १२ टक्के होती. म्हणजे थंडीपेक्षा हीटरनेच जास्त खाल्ले.

त्याच तपासणीतला दुसरा आकडा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. ३५ अंशांत एसी लावून गाडी चालवली, तर अंतर १७ टक्क्यांनी घटले. तिकडे ३५ म्हणजे कडक उन्हाळा. आमच्याकडे ३५ अंश फेब्रुवारी संपता संपताच येतात. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला मे महिन्यात ४५ च्या पुढे असतात आणि नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, तर सकाळी दहालाच स्टिअरिंगला हात लावता येत नाही. घटलेले अंतर त्या दिवसापुरते. खरी झीज उन्हात वर्षानुवर्षे होते, कारण तापलेली बॅटरी उभ्या जागीसुद्धा म्हातारी होते. अमेरिकेतल्या ॲरिझोनात २०१२ च्या सुमारास एका कंपनीच्या इलेक्ट्रिक मोटारींबाबत हाच अनुभव आला होता. त्या बॅटरीला द्रवाने थंड ठेवण्याची सोय नव्हती.

आता आपल्याकडचे. १ जानेवारी २०२२ पासून सरकारी कामासाठी नवी गाडी घ्यायची किंवा भाड्याने लावायची तर ती इलेक्ट्रिकच, असे राज्य सरकारने जाहीर केले होते. पुढे १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षे झालेल्या सरकारी गाड्यांच्या नोंदणीचे नूतनीकरण बंद झाले. तालुक्याच्या ऑफिसांतल्या जुन्या जीपा त्यामुळे निघाल्या आणि निघत आहेत. त्यांच्या जागी काय येणार, हा प्रश्न आज ना उद्या प्रत्येक तहसील आणि पंचायत समितीपुढे येणारच आहे.

मी इलेक्ट्रिक गाड्यांच्या विरोधात नाही. डिझेलच्या धुराने निम्मे आयुष्य खोकत काढले आहे. पण गाडी कशी घेतली जाते, ते मी जवळून पाहिले आहे. प्रमाणपत्रावरचा आकडा चाचणी केंद्रात ठरलेल्या वेगाने, ठरलेल्या तापमानात मोजलेला असतो. त्यात मेळघाटातला सेमाडोहचा घाट नसतो. साहेब ग्रामसभेत बसलेले असताना दोन-दोन तास एसी लावून झाडाखाली उभी राहिलेली गाडीही नसते. अमरावतीहून धारणी दीडशे किलोमीटरच्या आसपास. जाऊन-येऊन तीनशे, शिवाय मध्येच निरोप येतो की हरिसालच्या आतल्या एका गावाला चक्कर मारून या. गडचिरोलीहून सिरोंच्याला जाणारा ड्रायव्हर तर हे वाचून हसेल, त्याचे एका बाजूचेच अंतर दोनशेच्या वर आहे.

असला धडा आपण एकदा घेतलेला आहे. केंद्राने २०१७ मध्ये १० हजार इलेक्ट्रिक मोटारींची निविदा काढली. पहिल्या गाड्या आल्यावर २०१८ मध्ये दिल्लीतले अधिकारीच त्या वापरायला नाराज असल्याच्या बातम्या होत्या, कारण एका चार्जमध्ये ८०-८२ किलोमीटर जेमतेम निघत होते. त्याच २०१७ च्या मे महिन्यात नागपुरात मोठा गाजावाजा करून इलेक्ट्रिक टॅक्सी सुरू झाल्या आणि वर्षाच्या आत ड्रायव्हर चार्जिंगच्या रांगांना कंटाळले. ही मोठ्या शहरांची गत.

नॉर्वेत २०२४ साली विकलेल्या दर दहा नव्या मोटारींपैकी जवळपास नऊ इलेक्ट्रिक होत्या. तिथली थंडी काही कमी झालेली नाही. जानेवारी २०२४ च्या कडाक्यात ऑस्लोमध्ये इलेक्ट्रिक बसच्या फेऱ्या रद्द कराव्या लागल्याच. तरी ते मागे फिरले नाहीत, कारण हिवाळा धरूनच ते हिशेब करतात. तिथला वाहनचालकांचा महासंघ दर हिवाळ्यात गाड्या प्रत्यक्ष रस्त्यावर बंद पडेपर्यंत चालवून अंतर जाहीर करतो. गाडी वायरला लावलेली असतानाच आतली हवा आणि बॅटरी गरम करून घेतात, म्हणजे निघताना बॅटरी भरलेली राहते. आपण गाडी वायरवर असतानाच थंड करून घेऊ शकतो. अट एकच, वायरमध्ये लाइन हवी.

इथेच घोडे अडते. तालुक्याच्या ऑफिसात मे महिन्यात दुपारी कूलरचा पंखा रेंगाळतो, इतके व्होल्टेज पडते. वादळ आले, डीपी उडाला, की दोन दिवस अंधार. साध्या पंधरा अँपिअरच्या सॉकेटवर तीस युनिटची बॅटरी भरायला नऊ-दहा तास लागतात. जलद चार्जर बसवला तरी ४५ अंशांत पळून आलेली बॅटरी आधी थंड व्हावी लागते, तोवर चार्जिंग हळूच चालते. बॅटरीची जातही पाहायला हवी. एलएफपी, म्हणजे लिथियम-लोह-फॉस्फेटची बॅटरी, उन्हाला चांगली टिकते, पण थंडीत तीच जास्त कुरकुरते. आणि थंडी आपल्याकडे अगदीच नसते असे नाही. २९ डिसेंबर २०१८ ला नागपूरचा पारा ३.५ अंशांवर होता. चिखलदऱ्याला पहाटे गाडी काढणाऱ्याला हे सांगायची गरज नाही. घाट उतरताना इलेक्ट्रिक गाडी ब्रेकमधून वीज परत घेते हे खरे, पण बॅटरी पूर्ण भरलेली किंवा गारठलेली असली की ती घेत नाही. तेव्हा उतारावर गाडी नेहमीसारखी आवळत नाही आणि सगळा भार साध्या ब्रेकवर येतो. हे नव्या ड्रायव्हरला कोण शिकवणार?

माझे म्हणणे एवढेच की जिल्ह्याच्या निविदेत जिल्ह्याचे हवामान लिहा. ४५ अंशांत, एसी लावून, चार माणसे बसवून, आमच्याच रस्त्यावर गाडी चालवून दाखवा, मग आकडा मान्य करा. पाचव्या वर्षी ती किती जाईल तेही कंपनीकडून लिहून घ्या. गाडी येण्याआधी शेड आणि वाढीव भाराचे कनेक्शन येऊ द्या. सुरुवात नगर परिषद, तालुक्याच्या गावातच फिरणारी ऑफिसे, एसटीचे जवळचे ठरलेले मार्ग इथून करा. मेळघाटातल्या आरोग्य केंद्राची रुग्णवाहिका सगळ्यात शेवटी. तिच्यावर प्रयोग नको.

एक लहानसा प्रश्न राहिला, तो लेखा विभागातल्या कोणी वाचक असतील तर त्यांना. डिझेलचे बिल पीओएलच्या, म्हणजे पेट्रोल-ऑइल-वंगणाच्या, हेडखाली निघते. साहेब दौऱ्यावर मुक्कामी राहिले आणि ड्रायव्हरने रात्री रेस्ट हाऊसच्या सॉकेटवर गाडी लावली, तर ते युनिट कोणाच्या लाइट बिलात धरायचे, आणि लॉगबुकात लिटरच्या रकान्यात काय लिहायचे?

आपला,
एक निवृत्त शासकीय वाहनचालक
परतवाडा, ता. अचलपूर, जि. अमरावती