पाण्यासाठी तयार करून दिलेल्या गाडीच्या इंजिनात पाणी : स्नॉर्कल आणि ब्रीदर फिटिंगबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा व फिटिंग विभाग

विषय : ‘वॉटर वेडिंग पॅकेज’मधील सदोष काम, त्यामुळे इंजिनाचे झालेले नुकसान आणि हेच काम करून घेतलेल्या इतर गाड्यांना असलेला धोका.

महोदय,

मे महिन्यात तुमच्या मुंबईच्या शाखेतून मी माझ्या डिझेल फोर-बाय-फोर गाडीला ‘वॉटर वेडिंग पॅकेज’, म्हणजे साचलेल्या पाण्यातून गाडी नेता यावी यासाठीची कामं, करून घेतलं. बिलावर कामं स्पष्ट लिहिली आहेत : स्नॉर्कल (इंजिनाला छताच्या उंचीवरून हवा देणारी नळी) बसवणे, पुढच्या-मागच्या अॅक्सलचे आणि गिअरबॉक्सचे ब्रीदर (आतली हवा आत-बाहेर होऊ देणारी तोंडं) वर घेणे, इलेक्ट्रिक कनेक्टरना ग्रीस, सर्व जोडांचं सीलिंग. पैसे मी पूर्ण भरले. जुलैमध्ये शीवला गांधी मार्केटजवळ साचलेल्या पाण्यात ही गाडी बंद पडली आणि इंजिनात पाणी शिरल्याचं निष्पन्न झालं. फोनवर आणि तुमच्या काउंटरवर बोलून काहीही हाती न लागल्यामुळे हे लेखी कळवत आहे.

मी हे काम हौसेसाठी करून घेतलं नव्हतं. माझी पत्नी परिचारिका आहे. कुर्ला, शीव, माटुंगा या पट्ट्यात रुळांवर पाणी आलं की लोकल थांबते, पण वॉर्डातली ड्युटी थांबत नाही. उलट अशाच दिवशी बदली येणारी बाई पोहोचत नाही आणि आधीच्या पाळीतलीला डबल करावी लागते. तिला वेळेवर पोहोचवता यावं आणि रात्री सुखरूप घरी आणता यावं, एवढ्यासाठी गाडी तयार करून घेतली. हे मी तुमच्या विक्री प्रतिनिधीला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं.

त्या दिवशी जोराचा पाऊस आणि भरती एकाच वेळी आली होती. शीवला पाणी वाहत नव्हतं, साचलेलं होतं. मी गाडी कडेला लावून आधी चालत जाऊन पाहिलं. सर्वांत खोल जागी पाणी गुडघ्याच्या जेमतेम वर होतं. माझ्या गाडीच्या पुस्तकात जी मर्यादा दिली आहे, तिच्या बरंच आत. लो रेंज (कमी वेग, जास्त ओढ देणारी गिअरची जोडी) लावली, पहिला गिअर टाकला आणि माणूस चालतो त्या वेगाने, मध्ये क्लच न दाबता निघालो. निम्मं अंतर कापल्यावर इंजिन अडखळलं. त्याच क्षणी मी ते बंद केलं आणि परत सेल्फ मारला नाही. गाडी टो करून घराजवळच्या गॅरेजात नेली.

तिथल्या मिस्त्रींनी जे उघडून दाखवलं, ते तुम्ही नीट वाचावं अशी विनंती आहे. फोटो सोबत जोडले आहेत.

उजव्या चाकावरचं प्लास्टिकचं अस्तर काढलं, तेव्हा स्नॉर्कलचा नळा फेंडरच्या आत येऊन एअर फिल्टरच्या डब्याला जिथे मिळतो तो जोड समोर आला. नळा डब्याच्या तोंडावर पूर्ण चढलेलाच नव्हता. वरच्या बाजूने बसला होता, खाली बोट जाईल एवढी फट होती. क्लॅम्प होता, पण त्याने रबराची नुसती कड धरली होती. त्यावर बाहेरून सिलिकॉन फासलं होतं, तेही धूळ न पुसता, त्यामुळे नखाने ओढल्यावर त्याची अख्खी पट्टी सोलून निघाली. डब्याच्या तळाला पाणी आणि धूळ खाली पडण्यासाठी जे भोक असतं, त्याची रबरी झडप गायब होती. फिल्टरचा कागद भिजून फुगला होता.

गाडी कंपनीतून आली तेव्हा हवा घेणारं तोंड बॉनेटच्या कडेजवळ, वर होतं. ते तुमच्या माणसांनी काढून टाकलं. त्याच्या जागी जो जोड आला, तो मूळ तोंडापेक्षा एक वीत खाली आहे. तो बंद असता तर त्याची उंची बिनमहत्त्वाची होती. तो उघडा राहिला, म्हणजे माझी गाडी आता आधीपेक्षा कमी पाण्यात श्वास कोंडून बंद पडणारी झाली. छतापर्यंत गेलेल्या नळीतून हवा येत होतीच, पण इंजिन जिथून सोपं जाईल तिथून ओढतं, आणि सोपी वाट खाली, पाण्यात होती. या पॅकेजने गाडीची क्षमता वाढवली नाही, कमी केली. माझी मुख्य तक्रार हीच आहे.

डिझेल फवारणारे नोझल काढून इंजिन हाताने फिरवलं तेव्हा एका सिलिंडरमधून पाणी उडालं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. डिझेल इंजिनात कॉम्प्रेशन इतकं जास्त की पिस्टनच्या वर थोडंसं पाणी आलं तरी मार पिस्टनला जोडलेल्या रॉडवर बसतो. हेड उघडल्यावर त्या सिलिंडरचा पिस्टन बाकीच्यांपेक्षा खाली थांबताना दिसला. कनेक्टिंग रॉड वाकला आहे. मी पुन्हा सेल्फ मारला असता तर रॉडने ब्लॉकच फोडला असता, असं मिस्त्रींचं म्हणणं आहे.

हा दोष गाडी ताब्यात देण्याआधी तुम्हाला एका मिनिटात सापडला असता. इंजिन आयडलवर ठेवायचं आणि स्नॉर्कलचं वरचं तोंड जाड रबराच्या तुकड्याने झाकायचं. जोड बंद असतील तर इंजिन गुदमरून लगेच बंद पडतं. चालूच राहिलं तर कुठून तरी हवा येते आहे, आणि जिथून हवा येते तिथून पाणीही येणार. ऑफ-रोडिंग करणारा कोणताही जाणता माणूस ही चाचणी करतो. नंतर मी तुमच्या काउंटरवर गेलो, तेव्हा बाहेर डिलिव्हरीसाठी उभ्या असलेल्या एका गाडीवर ही चाचणी माझ्यासमोर करून दाखवा, असं शाखा प्रमुखांना म्हणालो. त्यांनी नकार दिला. त्या गाडीचा मालक कोण होता मला ठाऊक नाही, पण त्याची काळजी मला तेव्हापासून लागून राहिली आहे.

ब्रीदरचं काम तर याहून गंभीर आहे. बॉनेट उघडल्यावर फायरवॉलजवळ (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याजवळ) तीन निळ्या नळ्या एका रेषेत, टायने बांधलेल्या, टोकाला छोटे फिल्टर लावलेल्या दिसतात. डिलिव्हरीच्या वेळी मला त्याच दाखवल्या होत्या. गाडी लिफ्टवर चढवली तेव्हा कळलं की मागच्या अॅक्सलकडे जाणारी नळी चासीच्या कडेला टायने बांधून तिथेच सोडून दिली आहे. अॅक्सलवर कंपनीची मूळ टोपी जशीच्या तशी होती. वरचं, दिसणारं टोक बसवलं. खालचं, कामाचं टोक कधी जोडलंच नाही.

याचा परिणाम काय होतो ते तुमच्या तंत्रज्ञांना माहीत असायलाच हवं. पळून आलेल्या गाडीचं डिफरन्शियल (अॅक्सलच्या मधला गिअरचा डबा) तापलेलं असतं. ते थंड पाण्यात बुडालं की आतली हवा आकसते आणि ओढ निर्माण होते. ब्रीदर पाण्याच्या वर असेल तर ती ओढ हवेने भरून निघते. नसेल तर ब्रीदरमधून, ऑइल सीलमधून पाणी आत येतं. माझ्या गाडीच्या मागच्या अॅक्सलचा नट उघडल्यावर ताकासारखं पांढरट तेल पडलं. मी तपासायला सांगितलं नसतं, तर त्याच तेलावर गाडी महिनोन्‌महिने चालली असती आणि बेअरिंग गंजून एखाद्या दिवशी महामार्गावर जाम झालं असतं. त्यात मुंबईत भरतीच्या वेळी नाल्यांतून समुद्राचं पाणी उलट येतं, म्हणजे रस्त्यावर साचलेलं पाणी निव्वळ पावसाचं नसतं, त्यात खार असतो. कनेक्टरना ग्रीस लावल्याचं बिलावर आहे. अल्टरनेटरच्या कनेक्टरवर ग्रीसचा मागमूस नाही, पिनांवर हिरवा थर धरू लागला आहे.

आता तुमच्या उत्तराविषयी. ‘गाडी पाण्यात नेल्यास वॉरंटी लागू होत नाही,’ असं तुमच्या ईमेलमध्ये लिहिलं आहे. जे काम फक्त पाण्यासाठीच केलं जातं, ज्याच्या नावातच पाणी आहे, त्याच्या बाबतीत हे उत्तर देण्याआधी कुणी वरिष्ठाने ते वाचलं होतं का? दुसरं कारण दिलं गेलं की मी फार हळू चालवलं. वेगाने गेलो असतो तर पाणी बाजूला झालं असतं. हा सल्ला मला धोकादायक वाटतो. चालण्याच्या वेगाने गेलं की बंपरपुढे एक लहान लाट तयार होते आणि तिच्यामागे इंजिनाच्या भागात पाण्याची पातळी थोडी खाली राहते. वेग वाढवला की तीच लाट बॉनेटवर चढते, पंख्याची पाती पाण्यात वाकून रेडिएटरला लागू शकतात आणि शेजारून चालणाऱ्या माणसांच्या, दुकानांच्या अंगावर पाणी जातं. शिवाय समोरून बस किंवा डंपर आला की त्याची लाट वेगळी, म्हणून मोजलेल्या खोलीवर नेहमी थोडी जागा राखायची असते. वेगाने जा असं ग्राहकाला सांगणं तुम्ही आजच थांबवावं.

तुमच्या जाहिरातीत ‘स्नॉर्कल लावा, बॉनेटभर पाण्यातून जा’ असं लिहून वाहत्या नदीतून जाणारी गाडी दाखवली आहे. गाड्या बनवणाऱ्या कंपन्या स्वतः अशी भाषा वापरत नाहीत. महिंद्रा थारसाठी दिलेली पाण्याच्या खोलीची मर्यादा ६५० मिलिमीटर आहे. लँड रोव्हर डिफेंडरला एअर सस्पेन्शनसह ९०० मिलिमीटर. स्नॉर्कलने इंजिनाला हवा वरून मिळते, बाकी काही बदलत नाही. फ्यूज बॉक्स, अल्टरनेटर, दरवाज्यांची रबरं आहेत तिथेच राहतात. आणि वाहत्या पाण्यात गाडी तरंगून बाजूला जाऊ लागली तर स्नॉर्कल तिला धरून ठेवत नाही. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा या शहरात माणसं बंद गाड्यांमध्ये अडकून दगावली. ते ज्यांनी पाहिलं आहे त्यांच्यासमोर तुम्ही ही जाहिरात ठेवता, याचा मला मनापासून राग आहे. त्या दिवशी शीवला माझ्या गाडीत माझी पत्नी बसलेली होती.

माझ्या मागण्या अशा. पॅकेजची संपूर्ण रक्कम परत करावी. इंजिन, दोन्ही अॅक्सल आणि वायरिंग यांच्या दुरुस्तीचा तसेच टोइंगचा खर्च द्यावा. गॅरेजचा अंदाजपत्रक-अहवाल जोडला आहे. माझ्या विम्यात इंजिन प्रोटेक्शनचं जादा संरक्षण आहे आणि हे बदल मी विमा कंपनीला मे महिन्यातच कळवले होते, पण त्यांना काम करणाऱ्याचं फिटिंग प्रमाणपत्र हवं आहे. ते तुम्ही मागूनही दिलेलं नाही. ते काय काम झालं आणि काय झालं नाही याच्या खऱ्या नोंदीसह द्यावं. खोटी नोंद असलेला कागद मला नको.

यापेक्षाही निकडीची मागणी एक आहे. हे पॅकेज ज्यांना ज्यांना बसवलं, त्या सर्वांना फोन करून बोलवा. पावसाळा अजून संपलेला नाही. डब्याचा जोड, तळाची झडप, ब्रीदरचं खालचं टोक आणि अॅक्सलचं तेल, एवढं पाहायला एका गाडीला तासभर पुरे. पैशांचा वाद माझ्याशी घालत बसा हवं तर, पण हे काम त्यासाठी अडवून ठेवू नका.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये सेवेतील त्रुटी आणि दिशाभूल करणारी जाहिरात या कारणांवरून जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन. ग्राहक जिथे राहतो तिथल्या आयोगाकडे दाद मागण्याची तरतूद या कायद्यात आहे, त्यामुळे तुमचं मुख्य कार्यालय मुंबईबाहेर असल्याने फरक पडणार नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार आधीच नोंदवली आहे.

काढलेला नळा, क्लॅम्प, सिलिकॉनची पट्टी, भिजलेला फिल्टर आणि अॅक्सलमधून निघालेल्या तेलाची बाटली मी मिस्त्रींकडे सील करून ठेवली आहे. मागच्या अॅक्सलची सुटी नळी अजून गाडीला आहे तशीच बांधलेली आहे. तुमच्या तंत्रज्ञाला पाहायची असल्यास रविवार सोडून कोणत्याही दिवशी सकाळी दहानंतर गॅरेजात यावं. येण्याआधी मला फोन करावा, म्हणजे मी तिथे हजर राहीन.

आपला,
एक ग्राहक
शीव, मुंबई