गाववाला सापडला, ओळख करून द्यावी कशी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दीर्घकाळ चालणाऱ्या आजारांच्या रुग्णांचे फोनवरचे आधारगट आता पुष्कळ झाले आहेत. संधिवात, ल्युपस (यात प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते), मल्टिपल स्क्लेरोसिस (मेंदू आणि मज्जारज्जूचा आजार), क्रोन (आतड्यांचा आजार), टाइप 1 मधुमेह, प्रत्येकाचे वेगळे. औषधं, तपासण्या, थकवा असं बोलणं चालू असताना कुणीतरी सहज एखाद्या पुलाचं नाहीतर चौकाचं नाव घेतं आणि पलीकडून लगेच विचारणा होते, "म्हणजे तुम्हीही तिथलेच?" तिथून पुढे त्या दोघांचं बोलणंच बदलतं. दवाखान्याच्या पायऱ्या किती, तपासणीची रांग कुठवर जाते, हे समजावून सांगावं लागत नाही. या ओळखीचं मोल फार मोठं आहे. पण रुग्णाच्या बाबतीत गाव हा जितका उपयोगी तपशील, तितकाच घात करणाराही. म्हणून गाव गटात सांगू नये. ते फक्त गटाच्या संयोजकांकडे द्यावं आणि दोन्ही बाजूंनी होकार आल्यावरच ओळख घडवावी, असं आमचं ठाम मत आहे. ते का आणि कसं, हे जरा तपशिलात लिहितो.

पहिली गोष्ट, गाववाला सापडणं हा योगायोग कमी आणि गणित जास्त. 200 जणांच्या गटात दोघादोघांच्या 19,900 जोड्या होतात. हे सगळे सारख्याच आकाराच्या 1,000 गावांतून आले आहेत असं धरलं, तरी सरासरी 20 जोड्या एकाच गावच्या निघतील. खरी गावं लहानमोठी असतात, त्यामुळे प्रत्यक्षात जोड्या याहून अधिकच. तेव्हा "आमच्याकडचं इथे कोण असणार" असं मानून गप्प बसणाऱ्यांचा अंदाज बहुधा चुकीचा असतो. आमवात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, प्रौढांपैकी साधारण अर्धा ते एक टक्का लोकांना असतो. एक लाख प्रौढांच्या शहरात असे 500 ते 1,000 जण राहत असणार. ते एकमेकांना दिसत नाहीत, कारण हा आजार बऱ्याचदा चेहऱ्यावर दिसत नाही आणि कोणी सांगतही नाही.

दुर्मीळ आजारांत हेच गणित उलटं फिरतं. युरोपीय संघाच्या व्याख्येनुसार 10,000 लोकांमागे 5 पेक्षा जास्त रुग्ण नसतील तो आजार दुर्मीळ. म्हणजे 20,000 वस्तीच्या गावात फार तर 10 जण. त्यात वय आणि स्त्री-पुरुष एवढं कळलं की नाव सांगायची गरजच उरत नाही. अमेरिकेत संशोधक लटान्या स्वीनी यांनी 2000 साली दाखवून दिलं, की पाच आकडी पिनकोड, जन्मतारीख आणि लिंग एवढ्या तीन गोष्टींवरून तिथल्या सुमारे 87 टक्के लोकांची ओळख एकमेव ठरू शकते. आधारगटात आपण या तिन्ही गोष्टी गप्पांच्या ओघात देऊन टाकतो. वाढदिवसाच्या शुभेच्छांत तारीख जाते, फोटोच्या पार्श्वभूमीत गल्ली जाते, आणि आजार कोणता ते तर गटाच्या नावातच लिहिलेलं असतं.

म्हणून "आपापलं गाव लिहा" अशी साखळी गटात कधीही सुरू करू नये. एकाने लिहिलं की बाकीच्यांना न लिहिणं अवघड जातं. व्हॉट्सॲपच्या साध्या गटात प्रत्येकाचा फोन नंबर सगळ्यांना दिसतो, त्याशेजारी गाव आलं की माणूस हाताशी आला. मतदानाची सोय वापरायचा मोह होतो, पण अनेक ॲपवर कोणी काय निवडलं हेही सर्वांना दिसतं. त्याऐवजी गटाने दोन संयोजक ठरवावेत, म्हणजे एक आजारी पडला तर काम अडत नाही. ज्याला गाववाला हवा असेल त्याने त्यांना खासगीत चारच गोष्टी कळवाव्यात: मूळ भाग कोणता, सध्या राहण्याचा भाग कोणता, मूळ गाव सोडलं असेल तर साधारण किती वर्षांपूर्वी, आणि ओळख फोनपुरती हवी की भेटायचीही तयारी आहे. भाग म्हणजे जिल्हा किंवा शहर. पत्ता नको, शाळा नको, डॉक्टरांचं नाव नको.

मूळ आणि राहतं ही दोन गावं वेगळी विचारण्याला कारण आहे. राहत्या गावची ओळख रोजच्या उपयोगाची: सलाइनमधून औषध घ्यायच्या दिवशी सोबत, वीज गेली की थंड ठेवायच्या औषधाला दुसरं फ्रिज, कुठल्या इमारतीची लिफ्ट बंद आहे याची खबर. मूळ गावची ओळख वेगळी चालते. गाव सोडलेल्याचे आईवडील अजून तिथे असतात, तो वर्षातून काही दिवस जातो आणि तेवढ्यात त्रास उसळला तर कुठे जायचं हे त्याला माहीत नसतं, कारण गाव सोडलं तेव्हा आजारच नव्हता. अशा माणसाला तिथे राहणारा दुसरा रुग्ण दहा मिनिटांत जे सांगतो ते इतर कुठेही सहज मिळत नाही. त्या बदल्यात बाहेर गेलेला मोठ्या रुग्णालयातल्या रांगा आणि वेळा सांगू शकतो. दोन्ही रकाने एकत्र केले की ही देवाणघेवाण हातची जाते.

जुळणी दिसली की संयोजकाने दोघांना वेगवेगळं लिहावं: "तुमच्या भागातले एक सदस्य आहेत. ओळख करून देऊ का? नको म्हणालात तर त्यांना ते कळणार नाही." कोण, स्त्री की पुरुष, वय काय, यातलं काही सांगायचं नाही. दोघांचा स्पष्ट होकार आला तरच पुढचं पाऊल. सात दिवसांत उत्तर आलं नाही तर नकार समजावा आणि पुन्हा विचारू नये. इथे सगळ्यात जास्त चूक होते ती उत्साहापोटी. संयोजक एकाला सांगून बसतो, "आहे एकजण, पण ती अजून तयार नाही." त्या 'ती'मध्ये लहान गावात निम्मी ओळख फुटलेली असते. यादी एकाच ठिकाणी, कुलूपबंद फाइलमध्ये ठेवावी, सदस्य गट सोडून गेला की त्याची ओळ त्याच दिवशी पुसावी, आणि संयोजक बदलला तर जुन्याच्या फोनमधली प्रत काढून टाकल्याची खात्री करून घ्यावी.

ओळख झाल्यावर गावच्या गप्पांना ऊत येतो आणि तिथेही जरा सांभाळायला हवं. तुमची पहिली शाळा कोणती, लहानपणी कुठल्या गल्लीत राहायचा, आईचं माहेर कुठलं, हे प्रश्न जिव्हाळ्याचे वाटतात. पण पासवर्ड विसरल्यावर काही बँका आणि ऑनलाइन सेवा जे विचारतात ते हेच प्रश्न. समोरचा खरंच आपल्या भागातला आहे का हे ताडून पाहायचं तर रस्ते, वाहतूक, बाजाराचा दिवस यांवर बोलावं. घरच्या गोष्टींवर नको. 'आपण एकाच गावचे' या एका वाक्यावर विश्वास टाकायला लावून हमखास बरं करणारं औषध विकू पाहणारे लोकही अशा गटांत शिरतात. पैशाचा, औषधाचा किंवा उपचारकेंद्राचा विषय पहिल्या काही दिवसांतच निघाला, तर तो संभाषण थांबवून संयोजकाला कळवण्याचा क्षण आहे. गाववाल्याला संशयाने कसं पाहायचं, या संकोचातच माणूस फसतो.

प्रत्यक्ष भेट ठरवताना आजार आधी बघावा, सोय मग. आमवातात सकाळी सांधे तासभर किंवा अधिक आखडलेले असतात, म्हणून सकाळची वेळ टाळावी. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये अंग तापलं की नजर, चाल, तोल तात्पुरते बिघडतात; दुपारचं ऊन किंवा कोंदट खोली नको. ल्युपसमध्ये उन्हाने आजार उसळू शकतो, त्यामुळे उघड्या बागेतली भेट चुकीची. आतड्यांच्या आजारात स्वच्छतागृह जवळ आणि रिकामं मिळणं हीच पहिली अट. पहिली भेट सार्वजनिक जागी, दिवसाउजेडी, तासाभरात आटोपणारी असावी आणि कुठे जातो हे घरच्या एकाला माहीत असावं. निघायच्या क्षणी भेट रद्द करण्याची मुभा दोघांनाही असावी, कारण न सांगता. थकवा वेळ बघून येत नाही, आणि रद्द करण्याबद्दल माफी मागत बसावं लागलं की पुढच्या वेळी माणूस भेट ठरवतच नाही. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील तर ताप-खोकला असलेल्याने येऊच नये, कितीही किरकोळ वाटला तरी.

एका आजारात मात्र भेटच टाळायची असते. सिस्टिक फायब्रोसिसच्या (फुप्फुसांत घट्ट कफ साचवणाऱ्या आनुवंशिक आजाराच्या) रुग्णांच्या फुप्फुसांतले काही जंतू एकाकडून दुसऱ्याकडे जातात आणि त्यांनी फार मोठं नुकसान होऊ शकतं. म्हणून या आजाराच्या दोन रुग्णांनी एकमेकांपासून किमान 6 फूट अंतर राखावं, बंद जागेत एकत्र येऊ नये, असा सल्ला दिला जातो. त्यांच्यासाठी गाववाला फोनवरचाच. त्यांच्या पालकांनी भेटायला हरकत नाही, आणि ती भेट खूप कामाची ठरते.

भेटी सुरू झाल्या की औषधांची अदलाबदल सुरू होण्याचा धोका येतो. दूर राहणाऱ्याला गोळी देता येत नाही, शेजारच्या गल्लीतल्याला देता येते. आमवातात मेथोट्रेक्सेट हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. ते चुकून रोज घेतल्याने मृत्यू झालेले आहेत. पाकिटातून सुट्या काढून दिलेल्या चार गोळ्यांवर हे लिहिलेलं नसतं. इन्सुलिनची कुपी मिलिलिटरमागे 40 युनिटचीही असते आणि 100 युनिटचीही, आणि दोन्हींच्या सिरिंज वेगळ्या. 100 ची कुपी आणि 40 ची सिरिंज अशी गाठ पडली तर अडीचपट इन्सुलिन अंगात जातं. उलट गाठ पडली तर गरजेच्या दोन पंचमांशच. बरेच दिवस चाललेलं स्टेरॉइड 'मी तर सोडलं' असं ऐकून एकदम बंद केलं, तर शरीर स्वतःचं संप्रेरक लगेच तयार करू शकत नाही आणि जिवावर बेतू शकतं. गाववाल्याने दुकान कुठलं, साठा आहे का, फ्रिज नीट चालतो का हे जरूर सांगावं. गोळी, मात्रा आणि 'हे बंद कर' हे तीन विषय डॉक्टरांचे.

आणखी एक छोटी बाब, पण हिच्यावाचून चांगल्या ओळखी तुटतात. रस्त्यात तिसरा कोणी भेटला आणि "तुम्ही एकमेकांना कसे ओळखता?" म्हणाला, तर काय सांगायचं हे दोघांनी पहिल्याच भेटीत ठरवून ठेवावं. कुणाच्या नोकरीत, कुणाच्या लग्नाच्या बोलण्यांत आजार अजून सांगितलेला नसतो. "कामानिमित्त ओळख" एवढं एकच उत्तर दोघांनी दिलं तर प्रश्न तिथेच संपतो. दोघांनी वेगवेगळी उत्तरं दिली की चर्चा सुरू. डॉक्टर एकच निघाले, तर आपल्या तपासणीच्या वेळी दुसऱ्याचं नाव काढायचं नाही, हेही त्याच वेळी ठरवावं.

तिघे-चौघे एकाच गावचे निघाले की संशय हमखास उभा राहतो: आपल्याकडच्या पाण्यात काही आहे का? तो हसण्यावारी नेऊ नये. अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यात 1975 साली पॉली मरे आणि ज्युडिथ मेन्श या दोन आयांनी आपल्या भागातल्या इतक्या मुलांना सांधेदुखी का, हे आरोग्य विभागाला कळवलं. डॉ. ॲलन स्टीअर आणि सहकाऱ्यांनी शोध घेतला तेव्हा सुमारे 12,000 वस्तीच्या तीन लगतच्या गावांत 51 रुग्ण सापडले, त्यांतली 39 मुलं. यातूनच गोचिडीमुळे पसरणारा लाइम रोग ओळखला गेला. पण आधारगटात जमलेले चौघे म्हणजे मोजणी नव्हे. एक सदस्य आपल्या ओळखीच्यांना आणतो, म्हणून एक गाव जास्त दिसतं. वर दिलेलं गणित आधी करावं: एवढ्या वस्तीत या आजाराचे किती रुग्ण अपेक्षितच आहेत? आकडा त्याहून बराच मोठा वाटला, तर प्रत्येकाने निदान कोणी व कधी केलं, लक्षणं कधी सुरू झाली, त्या आधी त्या गावात किती वर्षं राहणं होतं, पाणी कुठलं प्यायलं जाई आणि घरात आणखी कोणाला आहे का, हे लिहून काढावं आणि आरोग्य विभागाकडे द्यावं. मूळ गाव एक पण लक्षणं सुरू होण्याच्या कितीतरी आधी गाव सुटलेलं, अशी माणसं त्या मोजणीत वेगळी धरावी लागतात. निष्कर्ष गटात जाहीर करू नये. गावाचं नाव एकदा बदनाम झालं की ते पुसलं जात नाही, आणि त्याचा पहिला फटका तिथे राहणाऱ्या रुग्णांनाच बसतो.

शेवटी आपल्याकडे एक विनंती. रुग्णांच्या अनुभवांवरच्या लेखांत नाव बदलल्याची टीप असते, पण गाव, वय, व्यवसाय आणि आजाराचं नाव तसंच छापलं जातं. लहान गावात त्या चार गोष्टींवरून शेजारी माणूस ओळखतात. अशा मजकुरात गावाऐवजी विभाग, नेमक्या वयाऐवजी दशक द्यावं, व्यवसाय मोघम ठेवावा, आणि छापण्याआधी तो परिच्छेद त्या रुग्णाला वाचून दाखवून 'तुमच्या गल्लीतल्या माणसाला हे कोण ते कळेल का?' असं विचारावं. उत्तर हो आलं तर आणखी एक तपशील गाळावा.

आपले,
दीर्घकालीन आजारांच्या आधारगटांचे काम पाहणारे काही संयोजक