आईने अर्ज भरावा म्हणून

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

फोनवर हा विषय निघाला की आई गॅसवर काहीतरी आहे म्हणून उठते आणि बाबा टीव्हीचा आवाज वाढवतात. म्हणून लिहायलाच बसले. नगरपरिषदेच्या निवडणुकीत आपला प्रभाग महिलांसाठी सुटलाय, पक्षाची माणसं चहा पिऊन गेली, आणि आईचं उत्तर ठरलेलं, “माका त्यातला काय कळता?” बाबांचं त्याहून आखूड, “ह्या वयात ताप कित्याक?” तुम्हा दोघांची समजूत घालायची तर मला इथल्या, म्हणजे आइसलँडच्या, राष्ट्राध्यक्षांबद्दल सांगावं लागेल. हाट्ला टोमासदोत्तिर. इथे राष्ट्राध्यक्षांनाही पहिल्या नावानेच हाक मारतात, तेव्हा मी एकेरी लिहिलं तर बाबांनी रागावू नये.

आइसलँड म्हणजे केवढा देश? क्षेत्रफळ भरपूर, पण माणसं पावणेचार-चार लाख, आपल्या सिंधुदुर्गाच्या निम्म्याहूनही कमी. वडील प्लंबर, आई विशेष मुलांबरोबर काम करणारी, अशा घरातली ही मुलगी. अमेरिकेत शिकली, तिथल्या मोठ्या कंपन्यांत नोकऱ्या केल्या, मग परत येऊन रेक्याविक विद्यापीठाच्या उभारणीत पडली. बायकांनी धंद्यात उतरावं म्हणून तिथे तिने काही वर्षं एक उपक्रमही चालवला. 2006 साली ती इथल्या चेंबर ऑफ कॉमर्सची, म्हणजे व्यापार-उद्योगांच्या संघटनेची, प्रमुख झाली, त्या खुर्चीवरची पहिली बाई.

त्या काळात सगळा देश पैशाच्या धुंदीत होता. तीन बँका इतक्या फुगल्या होत्या की त्यांचा पसारा देशाच्या वर्षाच्या उत्पन्नाच्या नऊ-दहा पट झाला होता. 2007 साली हाट्लाने चेंबर सोडलं आणि एका मैत्रिणीबरोबर ‘ऑइदुर कॅपिटल’ नावाची वित्त कंपनी काढली. त्यांचा एक नियम होता: जे आपल्याला समजत नाही त्यात लोकांचा पैसा घालायचा नाही. ऑक्टोबर 2008 मध्ये तिन्ही बँका एका आठवड्यात कोसळल्या. त्या पडझडीतून या दोघींची कंपनी ग्राहकांच्या पैशाला थेट झळ न लागता बाहेर आली.

आई, हे वाचताना मला तुझी वही दिसत होती. बचत गटाची ती लाल कापडी बांधणीची, डाव्या पानावर हप्ते, उजव्या पानावर मिरची-धण्याचा हिशोब, आणि ज्या बाईचा हप्ता चुकला तिच्या नावापुढे पेन्सिलीने बारीक टिंब, म्हणजे पुढच्या महिन्यात भरला की खोडता यावं. तो दामदुप्पटवाला आला होता आठवतं? गटाचे सगळे पैसे त्याच्याकडे ठेवायला निम्म्या बायका तयार होत्या. तू त्याला दोनच गोष्टी विचारल्यास: हा पैसा तू लावणार कुठे, आणि बुडाला तर माझ्याकडे कोणाच्या सहीचा कागद असेल? तो चहाही न संपवता उठला. पुढच्या वर्षी त्याचं ऑफिस बंद होतं. नगरपरिषदेचं अंदाजपत्रक म्हणजे तरी काय, आई? आलेला पैसा, गेलेला पैसा, आणि कोणी न भरलेला हप्ता. त्यातलं तुला कळत नाही, हे मला पटत नाही.

आता बाबांसाठी. 2016 साली हाट्ला राष्ट्राध्यक्षपदाला उभी राहिली तेव्हा सुरुवातीच्या चाचण्यांत तिला साधारण 1 टक्का मतं दाखवत होते. एक टक्का! आपल्याकडे असं असतं तर शेजाऱ्यांनी डिपॉझिट जप्त झाल्याचे पेढे आधीच वाटले असते. आपण कोण लागून गेलो उभं राहायला, असा प्रश्न तिलाही पडला होता, हे तिने पुढे जाहीर भाषणात सांगितलं. निकालाला ती जवळजवळ 28 टक्के मतं घेऊन दुसरी आली. हरली म्हणजे हरलीच. पण 2024 मध्ये परत उभी राहिली, वय 55. समोर एकूण अकरा जण, त्यात काल-परवापर्यंत पंतप्रधान असलेल्या कात्रिन याकोब्सदोत्तिर. प्रचारात तिच्या गळ्यातला रुमाल तरुण पोरांनी उचलला आणि बघावं तिकडे रुमाल दिसायला लागले. 1 जूनला ती 34 टक्के मतांनी निवडून आली, कात्रिनना 25. इथे फेरी एकच, ज्याला जास्त मतं तो जिंकला.

तिला देव्हाऱ्यात बसवायला मी हे लिहीत नाही. 2006 साली त्याच चेंबरने एका अमेरिकन अर्थतज्ज्ञाकडून अहवाल करून घेतला होता की इथली वित्तव्यवस्था मुळात भक्कम आहे. दोन वर्षांत काय झालं ते वर लिहिलंच आहे. हे पान मला खटकतं. शिवाय इथला राष्ट्राध्यक्ष रोजचा कारभार बघत नाही. एखादा कायदा सही न करता जनतेच्या मतदानाला पाठवणं एवढी एक मोठी ताकद त्याच्या हातात असते. आईच्या वाट्याला तर गटार, कचरा आणि पाण्याची टाकी येणार. मला विचाराल तर ते काम अवघड, आणि लोकांच्या जास्त उपयोगाचं.

आणि हे तिला एकटीला जमलेलं नाही. 24 ऑक्टोबर 1975 ला इथल्या सुमारे 90 टक्के बायकांनी नोकरी, स्वयंपाक, पोरं, सगळं एक दिवस सोडून दिलं होतं. बाप लोक मुलांना घेऊन ऑफिसात गेले. हाट्ला तेव्हा नुकती सात वर्षांची झाली होती. पाच वर्षांनी विग्दिस फिन्बोगादोत्तिर निवडून आल्या, लोकांनी थेट मतदानाने निवडलेल्या जगातल्या पहिल्या महिला राष्ट्राध्यक्ष. त्या सोळा वर्षं राहिल्या. म्हणजे त्या काळात वाढलेल्या पोरांना राष्ट्राध्यक्ष बाईच असते असं वाटत असणार. आपल्या वाडीतल्या पोरींनी आजवर नगरसेविका कुठे पाहिली? बॅनरवर, हात जोडलेली, आणि शेजारी तिच्याहून मोठा नवऱ्याचा फोटो.

बाबा, आता तुमची कामं. घरपट्टी-पाणीपट्टी थकलेली नाही असा दाखला आत्ताच काढून ठेवा, शेवटच्या दिवशी तिथे रांग असते. मतदार यादीत आईचं नाव माहेरच्या नावाने तर नाही ना, ते बघा. आधारवरचं स्पेलिंगही जुळवून घ्या. पक्षाची माणसं परत आली तर त्यांच्याशी बोलणी आई करेल, तुम्ही ओटीवर बसून ऐका. प्रचाराला मी रजा काढून येते, मसाल्याच्या ऑर्डरी तेवढ्या दिवसांत काकी बघेल, तिच्याशी माझं बोलणं झालंय. आणि आई निवडून आलीच, तर सभेला तीच जाईल. तिच्या जागी तुम्ही जाऊन बसलात तर मी पुढचं विमान पकडून येईन.

तुमची,
मनू