सेंद्रिय वाइन आणि मोरचुदाचा हिशेब

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नाशिककडच्या वायनरीत फेरफटका मारणाऱ्याच्या कानावर ‘सेंद्रिय’ आणि ‘शाश्वत’ हे दोन शब्द हटकून पडतात. सेंद्रिय म्हणजे बिनफवारणीची बाग, अशी त्याची समजूत होते आणि ती दूर करण्याची कोणालाच घाई नसते. प्रत्यक्षात ऑक्टोबर छाटणीनंतर परतीचा पाऊस लांबला, की फवारणीवाचून बाग हाती लागत नाही. पानावर तेलाचा थेंब सांडल्यासारखा पिवळट डाग पडतो. पान उलटले की त्याच जागी पांढरी बुरशी. डाऊनी नावाचा हा बुरशीचा रोग फुलोऱ्यात शिरला तर घडच जातो. सेंद्रिय बागेत त्यावर मुख्य भिस्त बोर्डो मिश्रणावर, म्हणजे तांबे असलेले मोरचूद आणि चुना यांच्या पाण्यावर. पण बोर्डोतले तांबे कुजत नाही, उडून जात नाही. ते मातीच्या वरच्या थरात साठत राहते आणि गांडुळांना मारक ठरते.

हिशेब करून पाहू. एक टक्का बोर्डो म्हणजे 100 लिटर पाण्यात 1 किलो मोरचूद आणि साधारण तेवढाच कळीचा चुना. मोरचुदात तांबे 25 टक्के. एकरी 400 लिटर फवारले की 1 किलो तांबे मातीच्या खात्यावर जमा. युरोपीय संघाची मर्यादा सात वर्षांत हेक्टरी 28 किलो, म्हणजे वर्षाला सरासरी एकरी 1.6 किलो. अशा दोनच फवारण्यांत ती ओलांडली जाते! शिवाय तिकडची वेल हिवाळाभर निष्पर्ण असते. आपल्याकडे एप्रिलची खरड छाटणी (वेल मागे छाटून नवी फूट काढणे) झाली, की नवा पाला सगळा पावसाळा अंगावर घेतो, म्हणजे तेव्हाही फवारणी आलीच.

म्हणून फूट कोवळी असताना अर्धा टक्का आणि एकरी 200 लिटर पुरे. तांबे पाव किलोवर येते. मोरचूद आणि चुना वेगवेगळ्या प्लास्टिकच्या पिंपांत विरघळवावेत. विरवलेला चुना थंड होऊ द्यावा, मग ढवळत ढवळत मोरचुदाचे पाणी चुन्यात ओतावे, उलटे नको. लोखंडी विळा मिनिटभर बुडवून पाहावा. पात्यावर तांबूस थर चढला तर तांबे मोकळे आहे, पाने करपतील. चुन्याची निवळी वाढवावी. मिश्रण फडक्यातून गाळून त्याच दिवशी संपवावे. शिळे मिश्रण पानाला नीट चिकटत नाही.

फवारण्या कमी करायच्या तर वारा खेळला पाहिजे. मणी धरल्यावर घडाजवळची दोन-तीन पाने काढावीत, पण फक्त सकाळच्या उन्हाच्या बाजूची. पश्चिमेकडची काढली की फेब्रुवारीच्या उन्हात मणी भाजतात.

भुरी या दुसऱ्या बुरशीच्या रोगासाठी मारायच्या गंधकाचेही तसेच. काढणीआधी किमान पाच आठवडे ते बंद हवे. रसात उतरलेल्या गंधकापासून यीस्ट जो वायू बनवते, त्याला सडक्या अंड्याचा वास असतो. उशिरा मारलेले तांबेही रसात येते आणि सोव्हिन्याँ ब्लाँचा पेरूसारखा वास मारून टाकते. त्या वासासाठीच तर ही जात लावतात.

वायनरीच्या मोरीतून जाणाऱ्या पाण्याबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढत नाही. टाक्या कॉस्टिक सोड्याने धुऊन तेच पाणी काळ्या जमिनीत सोडले, की सोडियम साठून जमीन चोपण, म्हणजे घट्ट आणि पाणी न मुरणारी, होते. त्याऐवजी कॉस्टिक पोटॅश वापरता येते, थोडे महाग पडते. ते पाणी आधी सामू (पीएच) तपासून सोडावे आणि त्यातले पालाश (पोटॅश) खताच्या मात्रेतून वजा करावे. ज्यावर वेलीचे कलम करतात तो डॉगरीज खुंट मुळातच पालाश जास्त ओढतो. ते आणखी वाढले की रसाचा सामू चढतो आणि वाइन टिकवायला सल्फाइट जास्त घालावे लागते. रस काढून उरलेला चोथाही ताजा बागेत टाकू नये. आंबट असतो, चिलटे धरतात. शेणखताबरोबर थर देऊन, अधूनमधून उलथून, तीन-चार महिने कुजवावा.

आमची सूचना एवढीच : ‘सेंद्रिय’ म्हणवणाऱ्या प्रत्येक वायनरीने चाखण्याच्या खोलीत फळा लावून त्यावर यंदा एकरी किती ग्रॅम तांबे फवारले आणि टाक्या कशाने धुतल्या, हे लिहावे. आणि पर्यटकांनी पहिला घोट घेण्याआधी तो फळा कुठे आहे, हे विचारावे.

— दिंडोरी तालुक्यातील काही वाइन द्राक्ष बागायतदार