जेरुसलेमचे महापौर आणि आपले महापौरपद

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोल्हापुरात महापौरपदाचा विषय निघाला, की कोणाच्या वाट्याला किती महिने येणार, या हिशेबापाशीच तो थांबतो. पद वाटून घेण्याची आपल्याकडची रीत इतकी मुरली आहे, की कोणता महापौर कोणत्या कामामुळे लक्षात राहिला, हे सांगताना जुन्याजाणत्यांनाही विचार करावा लागतो. म्हणूनच उस्मानी (ऑटोमन तुर्की) साम्राज्याच्या उतरत्या काळात जेरुसलेमचे महापौर राहिलेले युसूफ झिया अल-खालिदी (१८४२–१९०६) यांची ओळख वाचकांना व्हावी, असे वाटते.

जेरुसलेमची नगरपालिका १८६३ची, म्हणजे आपल्या १८५४च्या नगरपालिकेपेक्षा धाकटी. एवढा अभिमान बाळगायला हरकत नाही. १८७७च्या उस्मानी कायद्यानुसार सभासद निवडून येत, परंतु मतदानाचा हक्क पंचवीस वर्षांवरील आणि वर्षाला किमान पन्नास कुरुश (तिथले चलन) मालमत्ता कर भरणाऱ्या पुरुषांपुरताच होता. शिवाय निवडून आलेल्यांपैकी महापौर कोणी व्हायचे, हे सरकार ठरवीत असे. अशा व्यवस्थेत सरकारची मर्जी सांभाळणारा माणूसच टिकतो, असे कोणीही म्हणेल. खालिदी मात्र त्यातले नव्हते. १८७०च्या दशकात महापौरपद भूषविल्यानंतर ते पहिल्या उस्मानी संसदेत जेरुसलेमचे प्रतिनिधी म्हणून गेले, सुलतान अब्दुल हमीद यांच्या मनमानीपेक्षा संसदेचे अधिकार मोठे मानून निर्भीडपणे बोलले, आणि फेब्रुवारी १८७८मध्ये संसद गुंडाळली गेली तेव्हा इस्तंबूलमधून बाहेर काढलेल्या सदस्यांत त्यांचेही नाव होते. पुढे कुर्दी मुलखात कारभारी म्हणून नेमणूक झाली, तर तेथील भाषा शिकून त्यांनी कुर्दी-अरबी शब्दकोश सिद्ध केला. आडबाजूच्या नेमणुकीवर कुरकुरत बसणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावे.

त्यांचे सर्वांत महत्त्वाचे लेखन म्हणजे १ मार्च १८९९ रोजी फ्रान्सचे मुख्य रब्बी (ज्यू धर्मगुरू) झादोक कान यांना लिहिलेले पत्र. ते झायनवादी चळवळीचे नेते थिओडोर हर्झल यांच्यापर्यंत पोहोचावे, हाच त्यामागील हेतू होता. ज्यू समाजावरील अन्यायाबद्दल त्यात खरी सहानुभूती आहे, झायनवादाची, म्हणजे पॅलेस्टाइनमध्ये ज्यूंचे राष्ट्र वसवण्याची, कल्पना तत्त्वतः न्याय्य असल्याची कबुलीही आहे; तरीही पॅलेस्टाइनमध्ये आधीपासून माणसे राहतात, त्यांना डावलता येणार नाही, म्हणून त्या प्रदेशाचा नाद सोडून द्यावा, अशी विनवणी त्यांनी केली. हर्झल यांनी त्याच महिन्यात उत्तर धाडले. ज्यूंच्या येण्याने स्थानिकांचा फायदाच होईल, अशी ग्वाही त्यात होती. मूळ शंकेला मात्र नीट उत्तर मिळाले नाही, असे माझे मत आहे.

आपल्या दैनिकाने कोल्हापूरच्या माजी नगराध्यक्षांवर आणि महापौरांवर एक लेखमाला चालवावी, अशी विनंती आहे. तीत सत्काराची छायाचित्रे नसली तरी चालतील; सभागृहातील जुनी इतिवृत्ते काढून कोणी कोणता ठराव मांडला, कोणी कोणाला विरोध केला आणि त्या ठरावाचे पुढे काय झाले, एवढे तरी छापून यावे.

आपला,
एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर